पत्ता किती वेळ आपला?

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला मोहाडीत राऊटरवर बोलायला उभं केलं, म्हणून काही जण गालात हसताहेत. हसा. पण गोष्ट आपल्याच भागातल्या एका अभ्यासिकेची आहे. परीक्षेचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस, आणि दुपारी आलेल्या निम्म्या पोरांना वायफाय लागेना. सगळे म्हणाले, नेट गेलं. नेट होतं. पत्ते संपले होते.

बघा, जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलला राऊटर एक आकडी पत्ता देतो, १९२.१६८.१.१०० असा काहीतरी. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. तिचे नियम १९९३ साली पहिल्यांदा लिहिले गेले, १९९७ मध्ये सुधारले. आता यात ‘देतो’ हा शब्द फसवा आहे बरं का. मालकी मिळत नाही. धानाचं शेत वर्षभराच्या ठेक्याने घेतात ना, तसा हा मुदतीचा ठेका.

मुदत कशाला? कारण जाणारा सांगून जात नाही. निरोपाची सोय नियमांत आहे, पण मोबाईल खिशात घालून माणूस गेटबाहेर पडला की राऊटरला नुसती शांतता ऐकू येते. तो गेला की झोपला? हे ठरवायचा एकच मार्ग: मुदत संपेपर्यंत वाट पाहायची. जो आहे तो अर्ध्या मुदतीला स्वतःहून नूतनीकरण मागतो. जमलं नाही तर साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर पुन्हा, मिळेल त्या राऊटरकडे. मला हे फार आवडलं. हक्क कागदावर नाही, हजेरीवर टिकतो.

त्या अभ्यासिकेत पत्ते ५० आणि मुदत २४ तास. सकाळी ३५ मोबाईल येऊन गेले. दुपारी ३० आले, १५ जणांना जागा मिळाली. उरलेले ताटकळले. आठवडी बाजारातला ओटा एका दिवसासाठी घेऊन आठवडाभर अडवून ठेवावा, तसं झालं. विंडोजच्या लॅपटॉपने तर स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता लावून घेतला. त्याने इंटरनेट चालत नाही, पण हा आकडा दिसला की रोग ओळखता येतो.

उपाय राऊटरच्या पानावरच, डीएचसीपीच्या रकान्यात. आधी पत्त्यांची रांग वाढवा, ५० च्या २००. मग मुदत दोन तास करा. रकाना मिनिटांचा की सेकंदांचा, हे मात्र नीट वाचा! २४ तास म्हणजे १४४० मिनिटं किंवा ८६४०० सेकंद. सेकंदांच्या रकान्यात १२० टाकले, तर मुदत दोनच मिनिटांची. सगळे मोबाईल दर मिनिटाला दार ठोठावतील. घरी मात्र चार माणसं, तीच माणसं. तिथे २४ तासच ठेवा. प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर तो बदलला की छपाई अडते.

आणखी एक. तिथल्या पोराने मुदत बदलली आणि म्हणाला, ‘सर, काही फरक नाही.’ नसणारच. सकाळी निघून गेलेल्यांचे जुने ठेके २४ तासांचेच होते, ते आपल्या मुदतीनेच संपणार. रांग वाढवली, तेव्हा लगेच सुटका झाली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे अर्ज भरून झाले.