पडद्यावरचे पोलीस

पीक विम्याची मुदत संपत आली की बीड जिल्ह्यातल्या आष्टीत सेवा केंद्रांवर केवढी झुंबड उडते, हे त्या रांगेत उभं राहिलेल्यांना सांगायला नको. सातबारा, आधार, पासबुक, सगळं एकाच संगणकातून जातं. समजा, अशा गर्दीत त्या संगणकाचा पडदा एकदम व्यापला गेला. वर अशोकस्तंभ, खाली सीबीआयचं किंवा एखाद्या मंत्रालयाचं नाव आणि मजकूर असा : ‘या संगणकावर अश्लील चित्रफिती पाहिल्या गेल्या आहेत. संगणक कुलूपबंद केला आहे. सहा तासांत दंड भरा, नाहीतर अटक.’ केंद्रचालकाला घाम फुटेल तो संगणकापेक्षा पाठीमागे उभ्या असलेल्या चार माणसांमुळे. ही खंडणी वसूल होते ती त्या चार माणसांच्या जोरावर.

खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरला रॅन्समवेअर म्हणतात. पोलिसांचा वेश घेतलेला त्याचा सर्वांत गाजलेला प्रकार म्हणजे ‘रेव्हेटन’. 2012च्या सुमारास त्याने युरोप-अमेरिकेत धुमाकूळ घातला. संगणकाच्या आयपी पत्त्यावरून देश ओळखायचा आणि त्या देशाच्या पोलिसांचं बोधचिन्ह दाखवायचं, एवढी साधी युक्ती. काही आवृत्त्या वेबकॅम सुरू करून माणसाला त्याचाच चेहरा दाखवत. स्पेनचे पोलीस आणि युरोपोल यांनी फेब्रुवारी 2013मध्ये या टोळीचा छडा लागल्याचं जाहीर केलं. सूत्रधार 27 वर्षांचा रशियन, त्याला दुबईत पकडलं होतं. टोळीची वर्षाची कमाई 10 लाख युरोंहून अधिक होती. त्याच वर्षी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात एक तरुण अशी नोटीस पाहून इतका हादरला, की लॅपटॉप घेऊन स्वतःच पोलीस ठाण्यात गेला. नोटीस खोटी निघाली, पण लॅपटॉपमध्ये लहान मुलांची अश्लील छायाचित्रं सापडली आणि अटक मात्र खरी झाली.

आपल्याकडेही हे घडलं आहे. जुलै 2021मध्ये दिल्ली पोलिसांनी तमिळनाडूतून तिघांना पकडलं. अश्लील संकेतस्थळं पाहणाऱ्यांना पोलिसांच्या नावाने खोट्या नोटिसा दाखवून ते 3,000 रुपये ‘दंड’ घेत होते. धागे कंबोडियापर्यंत पोहोचले. रक्कम मुद्दाम लहान ठेवलेली. एवढ्याशा पैशांसाठी तक्रार करून कोण स्वतःची शोभा करून घेईल?

नोटीस खोटी आहे हे ओळखायला संगणकशास्त्र लागत नाही. पोलीस ब्राउझरमधून दंड वसूल करत नाहीत. फौजदारी गुन्ह्याचा दंड न्यायालय ठोठावतं आणि वाहतुकीचं चलानही संगणक कुलूपबंद करत नाही. आणखी एक गंमत आष्टीकरांच्या उपयोगाची. अशा पानावर धाक बसावा म्हणून तुमचा आयपी पत्ता आणि शहर छापलेलं असतं. मोबाइल इंटरनेटची वाहतूक बऱ्याचदा कंपनीच्या मोठ्या शहरातल्या केंद्रातून बाहेर पडते. त्यामुळे तुम्ही आष्टीत बसलेले असता आणि ‘पोलीस’ तुम्हाला मुंबईत शोधत असतात.

खरा प्रश्न कुलूप कुठे आहे हा. बहुतेक वेळा ते नसतंच. दारावर कुलपाचं चित्र डकवावं तसं ते एक वेबपान असतं, ब्राउझर पूर्ण पडदाभर पसरवून बसलेलं. एस्केपची कळ दाबून धरा किंवा एफ-11 दाबा. तेवढ्याने भागलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का’ असं विचारलं तर नको म्हणा, नाहीतर तेच साहेब पुन्हा हजर. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी संकेतस्थळांना दिलेली नोटिफिकेशनची परवानगीही काढून टाका.

संगणक बंद करून चालू केल्यावरही तोच पडदा आला, तर आत खरोखर काहीतरी शिरलं आहे. रेव्हेटन असाच विंडोजबरोबर आपोआप सुरू होत असे. उपाय सेफ मोडचा, कारण त्यात विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टी चालू करतं आणि घुसखोर सहसा झोपलेलाच राहतो. विंडोज 10 किंवा 11 असेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, पुढच्या पर्यायांतून सेफ मोड निवडा आणि अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा. अँड्रॉइड फोनलाही सेफ मोड आहे. बऱ्याच फोनमध्ये पॉवर ऑफचा पर्याय दाबून धरला की तो मिळतो. तिथे संशयित ॲपचा ‘डिव्हाइस ॲडमिन’ हा अधिकार आधी काढावा लागतो, मगच ते ॲप निघतं.

तिसरा प्रकार मात्र वाईट. सप्टेंबर 2013मध्ये आलेल्या ‘क्रिप्टोलॉकर’ने पडदा अडवण्याऐवजी फायलीच कूटबद्ध केल्या. सातबाऱ्याची पीडीएफ उघडेना आणि तिच्या नावाला अनोळखी शेपूट लागलं, तर हा त्याच जातीचा प्रकार. इथे सेफ मोड फायली परत देत नाही. नेटची वायर काढा, पेन ड्राइव्ह लावू नका, पैसे देऊ नका. डच पोलीस, युरोपोल आणि काही सुरक्षा कंपन्यांनी 2016मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ संकेतस्थळावर काही प्रकारांच्या चाव्या फुकट मिळतात. सगळ्यांच्या नाही. बॅकअप वेगळ्या डिस्कवर असेल तरच निश्चिंत.

रेव्हेटन जावा आणि फ्लॅशमधल्या भोकांतून न विचारता आत येई. ब्राउझर स्वतःहून अद्ययावत होऊ लागले, 2020 अखेर फ्लॅशही संपलं आणि ती वाट बुजली. म्हणून आता चोर आपल्याकडूनच दार उघडून घेतात. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइल येते आणि माणूस स्वतःच्या हाताने ती बसवतो. मग ती निमूटपणे ओटीपी वाचत राहते. खोटे पोलीस अटकेचा धाक घालतात त्या ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये तर सॉफ्टवेअरचीही गरज उरलेली नाही. व्हिडिओ कॉल आणि खाकी शर्ट पुरतो.

साफसफाईच्या घाईत एक गोष्ट राहून जाते. पडदा हटवण्याआधी मोबाइलने त्याचा फोटो काढा, पैसे ज्यावर मागितले तो खाते क्रमांक किंवा यूपीआय पत्ता त्यात दिसला पाहिजे. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. जितक्या लवकर कळेल, तितकी रक्कम मधल्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रारीसाठी बीडला खेटे घालायची गरज नाही. आष्टीच्या ठाण्यातही ती घ्यावीच लागते.