चार डाउन, दहा यार्ड

१८८१ साली अमेरिकेत येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला. एका अर्ध्यात एका संघाने चेंडू आपल्याकडे दाबून ठेवला, दुसऱ्या अर्ध्यात दुसऱ्याने. चेंडू सोडायला भाग पाडणारा नियमच नसल्यामुळे पुढे जाण्याचा धोका पत्करायची कुणालाही गरज नव्हती. येलचा खेळाडू वॉल्टर कॅम्प याच्या पुढाकाराने १८८२ मध्ये यावर तोडगा निघाला. तीन प्रयत्नांत निदान पाच यार्ड पुढे सरका किंवा दहा यार्ड मागे या. नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याला द्या. या प्रयत्नांना 'डाउन' म्हणतात. १९०६ मध्ये पाच यार्डांचे दहा झाले, १९१२ मध्ये तीन डाउनचे चार झाले, आणि तेव्हापासून हा हिशेब तसाच आहे.

अमेरिकन फुटबॉल पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो धडकाधडकीचा आणि सारखा थांबणारा खेळ वाटतो. पण चेंडूवरचा हक्क पुढे सरकूनच टिकवायचा, हे एक तत्त्व ध्यानात घेतलं की खेळाडूंच्या जागा, गुण, दंड, प्रत्येक थांबा, सगळ्याची संगती लागत जाते.

मैदान आणि डाउनचा हिशेब

मैदान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर लांब आणि १६० फूट रुंद. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा 'एंड झोन' आणि त्याच्या मागच्या रेषेवर गोलपोस्ट. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर खेळले जातात.

चेंडू जिथे ठेवलेला असतो तिथून मैदानाच्या आडवी जाणारी काल्पनिक रेषा म्हणजे 'लाइन ऑफ स्क्रिमेज'. तिच्या दोन्ही बाजूंना संघ समोरासमोर उभे राहतात. सेंटर आपल्या दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो, तो 'स्नॅप'. तिथे डाव सुरू होतो. चेंडू घेतलेला खेळाडू खाली पाडला गेला, सीमेबाहेर गेला किंवा पास न झेलता जमिनीवर पडला की डाव संपतो. समालोचक 'फर्स्ट अँड टेन' म्हणतो तेव्हा पहिला डाउन आहे आणि दहा यार्ड हवे आहेत. त्यात चार यार्ड मिळाले तर पुढचा डाव 'सेकंड अँड सिक्स'. दहा यार्ड पुरे झाले की पुन्हा नवे चार डाउन.

तीन डाउनमध्ये दहा यार्ड झाले नाहीत, तर चौथ्या डाउनला प्रशिक्षकासमोर तीन वाटा असतात. पहिली 'पंट': हातातून सोडलेला चेंडू जमिनीला लागण्याआधीच लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला त्याच्या एंड झोनजवळ ढकलायचं. दुसरी 'फील्ड गोल': चेंडू लाथेने गोलपोस्टच्या दोन खांबांमधून, आडव्या दांड्यावरून पाठवायचा. तिसरी, उरलेल्या यार्डांसाठी सरळ भिडायचं. ती फसली तर चेंडू तिथेच प्रतिस्पर्ध्याला मिळतो. प्रो कबड्डीतल्या 'डू ऑर डाय' चढाईला जो ताण असतो, तोच इथे चौथ्या डाउनला असतो.

गुण

चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये शिरलं किंवा तिथे पास झेलला की 'टचडाउन', सहा गुण. त्यानंतर एक जास्तीची संधी मिळते: किक मारून एक गुण, किंवा दोन यार्डांवरून पुन्हा एंड झोन गाठून दोन. फील्ड गोलचे तीन गुण. किकचं अंतर मोजताना एंड झोनचे दहा आणि किकसाठी मागे घेतलेले साधारण सात यार्ड धरतात. चेंडू ३० यार्डांच्या रेषेवर असेल तर किक ४७ यार्डांची होते. बचाव करणाऱ्यांनी चेंडूवाल्याला त्याच्याच एंड झोनमध्ये पाडलं तर 'सेफ्टी': दोन गुण, शिवाय पुढचा चेंडूही त्यांचाच.

कोण कुठे उभा असतो

एनएफएलच्या संघात ५३ खेळाडू असतात आणि आक्रमणाची, बचावाची, किकच्या डावांची अशा वेगवेगळ्या तुकड्या असतात. चेंडू हातचा गेला की जवळजवळ सगळे अकराजण बदलतात.

आक्रमणाचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू रनिंग बॅकच्या हाती द्यायचा, लांब फेकायचा की स्वतः धावायचं, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो. कडेला वाइड रिसीव्हर असतात, पास झेलणारे. टाइट एंड दोन्ही कामं करतो: अडवतो आणि झेलतोही. मधोमध पाचजणांची आक्रमक फळी: सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. यांतले बरेचजण १३५ किलोंच्या वरचे. नेहमीच्या रचनेत त्यांना पुढे टाकलेला पास झेलायची मुभा नसते, गुणफलकावर त्यांचं नाव येत नाही. पण त्यांनी वाट अडवली नाही तर क्वार्टरबॅकला मान वर करून पाहायलाही वेळ मिळणार नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची डावी बाजू त्याच्या नजरेआड राहते. म्हणून लेफ्ट टॅकलला फार मोल असतं.

समोर बचावाची पहिली रांग डिफेन्सिव्ह टॅकल आणि डिफेन्सिव्ह एंड यांची. त्यांच्या मागे लाइनबॅकर, जे धावणाऱ्याला रोखतात आणि वेळ पडली तर क्वार्टरबॅकवर तुटून पडतात. या जादा चढाईला 'ब्लिट्झ' म्हणतात. कॉर्नरबॅक रिसीव्हरवर नजर ठेवतात आणि 'सेफ्टी' याच नावाचे खेळाडू सर्वांत मागे पहारा देतात. पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला रेषेमागे पाडलं तर 'सॅक'. त्याचा पास बचावपटूने झेलला तर 'इंटरसेप्शन'. हातातला चेंडू निसटला तर 'फंबल', आणि तो जो उचलेल त्याचा.

चुकीची शिक्षाही यार्डांतच. पंच पिवळा रुमाल फेकतात. स्नॅपआधी आक्रमणातला खेळाडू हलला तर पाच यार्ड मागे. आक्रमणाने कुणाला धरून ठेवलं तर दहा. शिरस्त्राणाची जाळी पकडून ओढली तर पंधरा.

एका यार्डाची गोष्ट

या सगळ्या नियमांचं वजन एकाच डावात कसं उतरतं, ते १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात दिसलं. सिअ‍ॅटल सीहॉक्स २४-२८ असे मागे होते. एंड झोन एक यार्डावर, दुसरा डाउन, घड्याळात २६ सेकंद, हाताशी घड्याळ थांबवणारा एकच टाइमआउट. मार्शॉन लिंचसारखा दणकट रनिंग बॅक संघात होता. तरी त्यांनी पास निवडला, आणि त्यामागे हिशेब होता: झेल सुटला तर घड्याळ थांबतं आणि उरलेले दोन्ही डाउन खेळता येतात; धावणारा पाडला गेला तर घड्याळ चालूच राहतं. पण न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने रिसीव्हरांची मांडणी ओळखली, झेप घेतली आणि गोल रेषेवर पास हिरावला. तो पहिल्याच हंगामातला कॉर्नरबॅक, ज्याला निवडप्रक्रियेत एकाही संघाने घेतलं नव्हतं. सामना तिथे फिरला. डाउन, घड्याळ आणि खेळाडूंची मांडणी एकत्र वाचता आली, तरच या डावातलं शहाणपण आणि धाडस दोन्ही कळतं.

धोका आणि पुढची वाट

पाच यार्डांसाठी घोळका करून रेटारेटी करण्याच्या जुन्या पद्धतीने अनेक तरुणांचे जीव घेतले. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. दुसऱ्या वर्षी पुढे पास टाकायला मान्यता मिळाली आणि खेळ मैदानभर पसरला. दुखापतींचा प्रश्न मात्र सुटला नाही. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर माइक वेबस्टर २००२ मध्ये वारला आणि डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा आजार आढळला. तेव्हापासून खेळाला या प्रश्नाकडे पाठ फिरवता आलेली नाही, आणि फिरवूही नये. २०२४ मध्ये एनएफएलने किकऑफची, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकची, रचना बदलली, ती वेगात होणाऱ्या धडका कमी करण्यासाठीच.

याच खेळाचं एक सौम्य रूप म्हणजे फ्लॅग फुटबॉल. पाच-पाचजणांचे संघ, आणि पाडण्याऐवजी कमरेच्या पट्ट्याला लावलेली फीत ओढायची. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्याला स्थान मिळालं, आणि तो निर्णय १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या मुंबईत झाला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या त्याच अधिवेशनाने क्रिकेटलाही परत आणलं. क्रिकेटच्या आनंदात ही दुसरी बातमी आपल्याकडे मागे पडली.

फ्लॅग फुटबॉलमध्ये धडक नाही, शिरस्त्राण नाही, अवजड फळीही नाही. तरी चार डाउनमध्ये मैदानाचा मध्य ओलांडायचा आणि पुढच्या चार डाउनमध्ये एंड झोन गाठायचा, हे बंधन आहेच. म्हणजे या खेळाचा कणा ताकदीची टक्कर नसून मोजक्या संधींत जमीन कमावण्याची अट आहे. पुढचा सामना पाहाल तेव्हा चेंडूमागे धावण्याआधी कितवा डाउन आहे आणि किती यार्ड हवेत, एवढं बघा. मग दोन डावांमधला प्रत्येक थांबा तुम्हाला विचार करायला दिलेला वेळ वाटेल.