दुर्गम मार्गांवरील वाहनांच्या पाटा-आधारांची दुरुस्ती व मजबुतीकरण : धातूच्या शिणवट्याच्या दृष्टीने विवेचन

प्रस्तावना :

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढील अनेक दशके शासकीय दौरे, शेतमालाची ने-आण, आजारी माणसाला तालुक्याच्या गावी पोहोचविणे अशा कामांसाठी महाराष्ट्राच्या डोंगराळ भागात जीप हे महत्त्वाचे साधन ठरले. या बांधणीच्या जुन्या गाड्या आजही वापरात आहेत.

अशा गाड्यांत वारंवार आढळणारा एक दोष म्हणजे पाट्यांना चासीशी जोडणारा आधार तडकणे. यावर सर्रास केला जाणारा उपाय असा, की तडा वेल्डिंगने भरायचा आणि त्यावर मिळेल तेवढी जाड पट्टी चढवायची. काही महिन्यांनी त्या पट्टीच्या कडेला नवा तडा दिसतो व दोष मिस्त्रीच्या हाताला दिला जातो. वास्तविक अनेकदा चूक हाताची नसून विचाराची असते. आधार का तुटतो व त्याची टिकाऊ दुरुस्ती कशी करावी, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. आधारांची रचना व त्यांवरील भार :

जुन्या जीपमध्ये पुढचा व मागचा ॲक्सल प्रत्येकी दोन पाट्यांवर बसविलेला असतो. पाट्याचे एक टोक पिन व बुशच्या साह्याने स्थिर आधारात अडकविलेले असते. दुसरे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला जोडलेले असते. पाटा दबला की त्याची लांबी वाढते व ही वाढ शॅकल सामावून घेते.

या रचनेतील एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. शॅकल पुढेमागे झुलू शकत असल्याने तो गाडीच्या लांबीच्या दिशेने लागणारे बल पेलू शकत नाही. इंजिनाचा रेटा, ब्रेकचा ओढा व खड्ड्याच्या काठाचा आघात ही सर्व बले एकट्या स्थिर आधाराला पेलावी लागतात. उदाहरणादाखल, भारासह १५०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी घेऊ. एका पाट्यावर ४०० किलोग्रॅम भार धरल्यास प्रत्येक टोकावर सुमारे २००० न्यूटन उभे बल येते. हीच गाडी गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६ पट मंदनाने थांबविली आणि ब्रेकचा ६० टक्के वाटा पुढच्या चाकांनी उचलला, तर पुढच्या प्रत्येक स्थिर आधारावर सुमारे २६५० न्यूटन आडवे बल येते. म्हणजे साध्या ब्रेकनेही आधारावर उभ्या स्थिर भाराहून अधिक आडवा भार पडतो. हा आधार सुटल्यास ॲक्सल तिरका होऊन गाडी एका बाजूस ओढली जाते. घाटातील वळणावर याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

२. आधार तुटण्याचे कारण :

वरील बले पोलादाच्या ताकदीच्या मानाने मोठी नाहीत. तरीही आधार तुटतो, कारण बल एकदा लागत नाही. ते लक्षावधी वेळा लागते. खडबडीत रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना पाटा सेकंदाला एकदा खालीवर होतो असे मानले, तर एका किलोमीटरमध्ये १८० व १०,००० किलोमीटरमध्ये १८ लाख आवर्तने होतात. वारंवार बदलणाऱ्या प्रतिबलाने धातू हळूहळू तडकण्याच्या या क्रियेस धातूचा शिणवटा म्हणतात.

या प्रश्नाकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले गेले ते मोठी किंमत मोजून. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल तुटला व पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने रेल्वेच्या ॲक्सलांवर दीर्घकाळ प्रयोग करून दाखवून दिले, की एका वेळच्या भाराने न तुटणारा धातू त्याहून कमी, पण पुनःपुन्हा येणाऱ्या भाराने तुटतो.

वेल्डिंगच्या जोडांबाबत एक ढोबळ नियम वापरला जातो : जोडाचे आयुष्य प्रतिबलाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. प्रतिबल दुप्पट झाले तर आयुष्य एक-अष्टमांश होते. ते २० टक्क्यांनी कमी केले तर आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. कोकणासारख्या दमट हवेत गंजाचा परिणाम किती घातक असतो, हे यावरून कळते. ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा गंजून २ मिलिमीटर राहिला, तर स्थानिक वाकण्यामुळे निर्माण होणारे प्रतिबल सव्वादोन पट होते व आयुष्य सुमारे अकराव्या हिश्श्यावर येते. गाडी उंच करण्यासाठी दुप्पट लांबीचे शॅकल बसविणे हेही असेच आहे. बाजूने येणाऱ्या बलाचे आधारावरील परिबल त्यामुळे दुप्पट होते.

३. जाड पट्टीचा भ्रम :

‘जाड तेवढे मजबूत’ ही समजूत शिणवट्याच्या बाबतीत अपुरी ठरते. चासी ही मुळात लवचीक असते. ओबडधोबड जमिनीवर ती थोडी पिळवटते. तिच्या एका भागावर जाड पट्टी बसविली की तो भाग ताठर होतो आणि पिळवटण्याचा सारा भार पट्टी जेथे संपते तेथील पातळ पत्र्यावर एकवटतो. नेमक्या त्याच रेषेवर वेल्डिंगची कड असते. त्यामुळे तडा नाहीसा होत नाही. तो केवळ पुढे सरकतो, आणि तोही बदलण्याजोग्या आधारातून न बदलता येणाऱ्या चासीत.

तड्याच्या आकाराचेही असेच आहे. ताणाखालील पत्र्यातील वर्तुळाकार छिद्राच्या कडेला प्रतिबल तिप्पट होते, हे कीर्श याने १८९८ मध्ये सिद्ध केले. इंग्लिस याने १९१३ मध्ये लंबवर्तुळाकार छिद्राचे गणित मांडले; त्यानुसार ताणाला आडव्या असलेल्या व रुंदीच्या दहापट लांब छिद्राच्या टोकाशी प्रतिबल २१ पट होते. तड्याचे टोक याहूनही तीक्ष्ण असते. म्हणून तड्याच्या टोकाशी गोल छिद्र पाडल्याने तो तूर्त थांबतो.

४. तपासणी :

दुरुस्तीपूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

(१) दोन्ही बाजूंच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर मोजावे. ते असमान असल्यास ॲक्सल सरकल्याची शक्यता असते.
(२) आधाराभोवतीचा रंग उडालेला आहे का, गंजाची बारीक रेषा दिसते का, हे पाहावे.
(३) बुश झिजले आहेत का, पिनेचे छिद्र लांबट झाले आहे का, यू-बोल्ट सैल आहेत का, हे तपासावे. सैल जोडात साध्या भाराचेही आघातात रूपांतर होते.
(४) पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर लाल भेदक रंग लावावा, तो पुसून पांढरे विकासक द्रव्य फवारावे. डोळ्यांना न दिसणारा तडा लाल रेषेच्या रूपाने उमटतो.

५. दुरुस्तीचा क्रम :

प्रथम चासीला भक्कम टेकू द्यावा, बॅटरी व अल्टरनेटरची जोडणी सोडवावी, इंधनाची टाकी व ब्रेकच्या नळ्या दूर कराव्यात. गंजलेला पत्रा वेल्डिंगने भरण्याऐवजी निकोप धातू लागेपर्यंत कापून काढावा. तड्याच्या खऱ्या टोकापलीकडे ५ ते ६ मिलिमीटरचे छिद्र पाडावे व तडा संपूर्ण खोलीपर्यंत खाचेसारखा घासून घ्यावा. तडा आत ठेवून वरून भरलेले वेल्डिंग हे झाकण असते, दुरुस्ती नव्हे. कमी हायड्रोजनचे इलेक्ट्रोड कोरडे ठेवूनच वापरावेत. पावसाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे. शेवटी वेल्डिंगची उंची घासून पृष्ठभाग सपाट करावा.

मजबुतीची पट्टी आवश्यक असल्यास तिची जाडी चासीच्या पत्र्याहून अधिक नसावी. टोके सरळ न कापता निमुळती ठेवावीत, कोपरे गोल करावेत. वेल्डिंग चासीच्या उभ्या बाजूवर, लांबीच्या दिशेने करावे. वरच्या व खालच्या बाजूंच्या कडांवर आडवे वेल्डिंग टाळावे. पट्टीत छिद्रे ठेवून त्यांतून वेल्डिंग केल्यास भार अधिक समान वाटला जातो. चासीची उघडी बाजू बंद केल्यास पाणी निचरण्यासाठी खाली छिद्र ठेवावे. अन्यथा मजबुतीकरणच गंजाचे घर बनते.

जुळणी करताना रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना अखेरचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना ते आवळल्यास बुश कायमचा पिळलेला राहतो व त्याचा ताण आधारावर येतो. यू-बोल्ट नवे वापरावेत व काही अंतर गाडी चालविल्यावर पुन्हा आवळावेत.

६. मर्यादा :

वरील विवेचन साध्या पोलादाच्या चासीस लागू आहे. उष्णता-संस्कारित किंवा उच्च ताकदीच्या पोलादावर वेल्डिंगमुळे मूळ गुणधर्म नष्ट होऊ शकतात. तेथे उत्पादकाच्या सूचना हाच आधार होय. २०२० मध्ये आलेल्या नव्या थार गाडीत पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंगा आहेत. अशा रचनेत मागील ॲक्सलची लांबीच्या दिशेची बले दुवे व त्यांचे आधार पेलतात. बलांची जागा बदलली तरी शिणवट्याचे तत्त्व तेच राहते. तसेच मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यावर निर्बंध आहेत. मूळ स्थितीत आणणारी दुरुस्ती व रचनेत केलेला बदल यांतील फरक मालकाने ध्यानात घ्यावा.

समारोप :

आधाराचे तुटणे हे बहुधा ताकदीच्या अभावाचे नव्हे, तर एका ठिकाणी साचलेल्या भाराचे लक्षण असते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने ‘पट्टी किती जाड?’ याआधी ‘भार येथेच का साचला?’ हा प्रश्न विचारावयास हवा. झिजलेल्या बुशकडे दुर्लक्ष करून टाकलेली जाड पट्टी तड्याला चासीत वाट करून देते. भार वाटून देणारी पातळ, निमुळती पट्टी ती वाट अडवते. पदार्थविज्ञानाच्या वर्गात शिकविला जाणारा प्रतिबलाचा धडा गावच्या गॅरेजपर्यंत पोहोचला, तर त्या गाडीत बसणाऱ्यांचा प्रवास अधिक सुरक्षित होईल.