साठ दिवस कुठून मोजायचे?

आज एका कागदाविषयी बोलायचंय.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मालकांची तीन बोटं गुऱ्हाळावर चरकात गेली. लेबर कोर्टात नुकसानभरपाईचा दावा झाला आणि निकाल लागला तो ३० टक्के धरून. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. त्याच्या परिशिष्टात एका हाताची तीन बोटं गेली की कमाईची ताकद तेवढी घटली, असं धरलेलं आहे. पण ज्याचं कामच चरकात ऊस लावायचं, त्याला त्या हातानं ऊस धरताच येत नसेल तर? डावा हात गमावलेल्या एका सुताराची कमाई पूर्णच बुडाली, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९७५ मध्ये मानलं होतं. म्हणजे भांडायला जागा होती.

पण ताईंना शेजाऱ्यांनी सांगितलं, अपिलाला ९० दिवस असतात. शेजाऱ्यांचंही खोटं नव्हतं. त्यांचा दावा मोटार अपघाताचा होता, तिथं ९० दिवसच असतात. इथं मात्र ६०. निकालाचा कागद बैठकीत मीसुद्धा पाहिला होता. रकमेवर बोलले, तारीख विचारली नाही. वकिलाकडे गेलो तेव्हा ८४ वा दिवस होता.

दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजतात, पैसे हातात पडल्यापासून नाही. समजा आदेश ३ जुलैचा. तो दिवस सोडून मोजलं की ६० वा दिवस येतो १ सप्टेंबर. आता सही-शिक्क्याच्या नकलेसाठी ८ जुलैला अर्ज केला आणि नक्कल १९ ला तयार झाली, तर ते १२ दिवस वजा होतात आणि मुदत १३ सप्टेंबरपर्यंत जाते. म्हणून नकलेचा अर्ज त्याच आठवड्यात करायचा, पोच जपायची. मुदत संपल्यावर अर्ज केला तर ही सवलत कामाला येत नाही. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं.

हे अपील हायकोर्टात जातं. सातारा-सांगलीकरांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला जाता येतं. मात्र नुसती रक्कम कमी वाटते म्हणून अपील उभं राहत नाही, कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तेव्हा आपल्या आदेशावर कुठला कायदा लिहिलाय, तेही वकिलाकडून वाचून घ्या.

मुदत गेलीच, तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडता येतो. कोर्टानं फार काटेकोर होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८७ सालीच सांगितलंय. तरी कारण पटायला हवं. दवाखान्याचे कागद, एसटीची तिकिटं, काही टाकून देऊ नका. "आम्हाला माहीत नव्हतं" एवढ्यावर भागत नाही.

वकिलाच्या फीला घाबरून थांबलात का? स्त्रियांना आणि दिव्यांगांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. साताऱ्यात आणि सांगलीत त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे. फोन १५१००.

आमच्या ताईंचा विलंब माफीचा अर्ज अजून सुनावणीला लागायचा आहे. त्यांनी दवाखान्याची फाईल शोधून काढलीय, सोमवारी आम्ही दोघी ती वकिलांकडे घेऊन जातोय.