लांब पंख की आखूड पंख?

(विमाने फक्त मोठ्या कारखान्यांतच बनतात, असा आपला समज असतो. परंतु जगात असे हजारो हौशी कारागीर आहेत, की ज्यांनी घरी विमान बनवले आणि स्वतः उडवले. अशा कारागिरापुढे सर्वांत आधी प्रश्न येतो तो विमानाच्या निवडीचा. ही निवड कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, भर दुपारी आकाशाकडे पाहा. उंचावर एखादी घार गोल गोल फिरताना दिसेल. ती पंख हलवत नाही, तरी खाली येत नाही. उलट हळूहळू वर जाते. आता अंगणातल्या चिमणीकडे पाहा. तिचे पंख आखूड असतात. ती भराभर पंख मारते, भुर्रकन उडते आणि हवे तेव्हा चटकन वळते. घार आणि चिमणी दोघीही उडतात. पण दोघींचे उडणे वेगळे आणि दोघींचे पंखही वेगळे. घरी विमान बनवणाऱ्या माणसालाही अशीच निवड करावी लागते. आपले विमान घारीसारखे असावे की चिमणीसारखे?

घरी विमान बनवायचे, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. पण जगातले पहिले यशस्वी विमान कोणत्याही मोठ्या कारखान्यात बनले नव्हते. अमेरिकेतील ऑर्व्हिल आणि विल्बर राइट हे भाऊ सायकली बनवत आणि दुरुस्त करत. त्यांनी आधी बिनइंजिनाची विमाने, म्हणजे ग्लायडर, बनवून हवेत तोल सांभाळायला शिकून घेतले. मग त्यांनी इंजिन बसवले आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी आपले विमान उडवले. पहिले उड्डाण फक्त बारा सेकंदांचे होते! पुढे १९११ साली ऑर्व्हिल राइट पुन्हा ग्लायडरकडे वळला आणि इंजिनाशिवाय जवळजवळ दहा मिनिटे हवेत तरंगत राहिला. म्हणजे चिमणी आणि घार या दोघींचे आकर्षण विमानाच्या जन्मापासूनचे आहे.

अमेरिकेत ही हौस आजही मोठी आहे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमाने बनवणाऱ्यांची एक संस्था काढली. विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी ही संस्था मोठा मेळा भरवते आणि देशोदेशींची माणसे आपली विमाने घेऊन तेथे येतात. घरी बनवलेल्या विमानांसाठी तेथील सरकारचे नियम आहेत. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी आणि आनंदासाठी केलेले असावे लागते. विमान तयार झाल्यावर त्याची तपासणी होते. त्यावर 'प्रायोगिक' हा शब्द ठळक अक्षरांत लिहावा लागतो. आत बसणाऱ्याने आपण कशात बसतो आहोत हे जाणून घ्यावे, हा त्यामागील हेतू होय.

आता आपण दोन विमानांची तुलना करू. दोन्ही ऑशकॉशच्या एकाच कारखान्यात आखली गेली आणि दोन्हींचा आराखडा जॉन मोनेट यांचा. पहिल्याचे नाव सोनेक्स. हे क्रीडाविमान आहे, म्हणजे हौसेने उडवायचे छोटे, चपळ विमान. दुसऱ्याचे नाव झेनॉस. हे मोटारग्लायडर आहे, म्हणजे इंजिन असलेले ग्लायडर. दोन्ही विमाने ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असून दोन्हींत दोनच माणसे बसू शकतात. दोन्हींना ८० अश्वशक्तीचे एकच इंजिन बसवता येते. ते फोक्सवॅगन मोटारीच्या इंजिनावरून तयार केलेले आहे. इतके साम्य असूनही मोठा फरक राहतो, तो पंखांत. सोनेक्सचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ६.७ मीटर भरतात, तर झेनॉसचे सुमारे १३.९ मीटर, म्हणजे दुपटीहून अधिक.

पंख लांब केल्याने काय होते? विमान उडत असताना पंखाखालील हवेचा दाब जास्त आणि पंखावरील हवेचा दाब कमी असतो. म्हणून पंखाला उचल मिळते. पण पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घालून वर निसटते आणि तेथे भोवरा तयार होतो. या भोवऱ्यात विमानाची शक्ती वाया जाते. पंख लांब आणि अरुंद असला, तर हे नुकसान कमी होते. घारीच्या आणि समुद्रावरच्या मोठ्या पक्ष्यांच्या लांब पंखांचे रहस्य हेच आहे.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. समजा, विमान एक किलोमीटर उंचीवर आहे आणि इंजिन बंद पडले. आखूड पंखांचे साधे छोटे विमान तेथून साधारणपणे नऊ-दहा किलोमीटर घसरत जाऊन जमिनीवर उतरते. झेनॉस शांत हवेत सुमारे २४ किलोमीटर जाऊ शकते. उतरण्यासाठी मोकळे शेत शोधणाऱ्या वैमानिकाच्या दृष्टीने हा फरक किती मोलाचा आहे!

मोटारग्लायडरची खरी मजा मात्र इंजिन बंद पडण्यात नाही, ते मुद्दाम बंद करण्यात आहे. साध्या ग्लायडरला वर नेण्यासाठी दुसरे विमान किंवा दोर ओढणारे यंत्र लागते. पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात अशा दोर ओढणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने अनेकांनी ग्लायडर उडवण्याचे शिक्षण घेतले आहे. मोटारग्लायडरला अशा मदतीची गरज नसते. ते स्वतःच्या इंजिनावर उडते. उन्हाने जमीन तापली, की गरम हवा वर चढू लागते. अशी हवा सापडली, की वैमानिक इंजिन बंद करतो आणि घारीप्रमाणे घिरट्या घालत उंची मिळवतो. आवाज नाही, पेट्रोलचा खर्च नाही. सोबतीला फक्त वाऱ्याची सळसळ असते.

मग सर्वांनीच लांब पंख का निवडू नयेत? कारण लांब पंखांची किंमतही मोजावी लागते. लांब पंखाचे विमान सावकाश वळते आणि त्याच इंजिनावर आखूड पंखाच्या विमानाइतके वेगाने जात नाही. सोनेक्स तासाला सुमारे २०० किलोमीटर जाते. तीनशे किलोमीटर दूर राहणाऱ्या मित्राला भेटून संध्याकाळी परत यायचे असेल, तर सोनेक्सच बरे. शिवाय ते हवेत कोलांट्या उड्याही मारू शकते. लांब पंखाच्या विमानाला उतरतानाही अडचण येते, कारण ते लवकर खाली यायलाच तयार नसते! म्हणून त्याच्या पंखांवर उघडझाप करणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागतात. त्या उघडल्या, की उचल कमी होते आणि विमान खाली येते.

लांब पंखांचा जमिनीवरही त्रास होतो. अमेरिकेत छोट्या विमानांसाठी भाड्याने मिळणाऱ्या अनेक शेडची दारे सुमारे १२ मीटर रुंद असतात. त्यांतून १३.९ मीटरचे पंख आत जाणार कसे? दर वेळी पंख काढायचे आणि लावायचे, किंवा जास्त भाडे देऊन मोठी शेड घ्यायची. पंख लांब, म्हणून पत्रा जास्त, रिव्हेट जास्त आणि बनवण्याचे तासही जास्त. सोपे विमान बनवायलादेखील हजार तासांच्या आसपास काम करावे लागते. रोज न चुकता दोन तास काम केले, तर हजार तासांना पाचशे दिवस लागतील. नोकरी, घर आणि आजारपण सांभाळून रोज दोन तास कोणाला मिळतात? म्हणून बहुतेकांना कित्येक वर्षे लागतात. घाईने चुकीची निवड करणाऱ्यांची विमाने अर्धवट पडून राहतात. त्यांत पैसा अडकतो आणि उमेदही संपते.

मोटारग्लायडर कोणाला म्हणावे, हे ठरवण्यासाठी एक सोपे गणितही आहे. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे त्याचे वजन ८५० किलोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. शिवाय वजनाला पंखांच्या लांबीच्या वर्गाने भागले असता उत्तर तीनपेक्षा जास्त येऊ नये. झेनॉसचे भरलेले वजन सुमारे ५७८ किलोग्रॅम आहे. १३.९ चा वर्ग सुमारे १९३. भागाकार तीनपेक्षा किंचित कमी येतो. सोनेक्सचे वजन सुमारे ५०० किलोग्रॅम आणि ६.७ चा वर्ग सुमारे ४५. येथे भागाकार अकराच्या वर जातो. हा हिशेब केवळ कागदावरचा नाही. अमेरिकेत ग्लायडरच्या वैमानिकाला डॉक्टरचे प्रमाणपत्र सादर करावे लागत नाही. आपण उडण्यास योग्य आहोत की नाही, हे त्याने स्वतः प्रामाणिकपणे ठरवायचे असते. क्रीडाविमानाच्या परवान्यासाठी मोटार चालवण्याचा परवाना चालतो. म्हणून वयस्क कारागीर निवड करताना याचाही विचार करतात.

तर मग निवड करायची कशी? चांगला कारागीर विमानाचे चित्र पाहून भुलत नाही. तो आधी स्वतःला काही प्रश्न विचारतो. मला कोठे तरी जायचे आहे, की नुसते तरंगायचे आहे? माझ्या भागात वर चढणारी गरम हवा मिळते का? विमान ठेवायला जागा किती आहे? रोज किती तास काम करण्याची माझी तयारी आहे? जो या प्रश्नांची खरी उत्तरे देतो, त्याला पंखांची लांबी आपोआप कळते. ज्याला दर रविवारी दूरच्या गावी जायचे आहे, त्याने लांब पंख घेतले तर तो वेगासाठी तळमळेल. ज्याला ढगांखाली शांतपणे फिरायचे आहे, त्याने आखूड पंख घेतले तर त्याला इंजिनाचा आवाज सतत ऐकावा लागेल.

या दोन्हींच्या मधली वाटही आहे. युरोपातील स्लोव्हेनिया देशात 'सायनस' नावाचे मोटारग्लायडर तयार झाले. त्याचे पंख सुमारे १५ मीटर लांब आहेत. त्याच्याच धडाला आखूड पंख लावून 'व्हायरस' हे जास्त वेगवान विमान तयार केले गेले. २०१५ साली भारताने या व्हायरस जातीची १९४ विमाने खरेदी करण्याचा करार केला. त्यांतील बरीच विमाने एन.सी.सी.च्या छात्रांच्या शिक्षणासाठी होती. म्हणजे तुमच्याएवढी मुले ज्या विमानात बसून उडण्याचे पहिले धडे घेतात, ते मुळात एका घारीचे पंख कापून केलेले आहे!

निवड झाली, काम पूर्ण झाले, तरी परीक्षा बाकी असते. घरी बनवलेल्या विमानाचे पहिले उड्डाण बहुधा वैमानिक एकट्याने करतो. त्यानंतरही बहुधा २५ ते ४० तासांपर्यंत, वस्तीपासून दूर, विमान सर्व प्रकारे तपासून पाहावे लागते. तोपर्यंत मित्राला किंवा मुलाला शेजारी बसवण्याची परवानगी नसते. प्रत्येक रिव्हेट आपणच ठोकलेला असतो आणि आपला जीव त्याच रिव्हेटवर अवलंबून असतो. म्हणून खरा कारागीर एखादा भाग मनासारखा झाला नाही, तर तो फेकून देतो आणि नवा बनवतो. 'चालेल, कोण बघतो?' हे वाक्य विमानाच्या कामात चालत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही अशी जिद्द दिसून आली आहे. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली भागातील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बनवले. २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. त्याची नोंदणी २०१७ साली झाली, तर उड्डाणाच्या चाचणीची परवानगी २०१९ साली मिळाली. शेवटी २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते विमान उडाले. विमान बनवायला जेवढी हिंमत लागते, तेवढीच परवानगीची वाट पाहायलाही लागते.

मित्रांनो, तुमच्यापैकी सर्वच जण विमान बनवतील असे नाही. पण पुढे कोणी घर बांधेल, कोणी दुकान काढेल, कोणी एखादा हुन्नर शिकेल. त्या वेळी 'कोणते जास्त चांगले?' एवढेच विचारू नका. 'मला कशासाठी हवे आहे?' हे आधी विचारा. घारीचे पंख चांगले की चिमणीचे, या प्रश्नाला उत्तर नाही. घारीला घारीचे चांगले आणि चिमणीला चिमणीचे.

शब्दार्थ

हौशी – आवडीने काम करणारा
नवल – आश्चर्य
आराखडा – वस्तू बनवण्याआधी काढलेला नकाशा
अश्वशक्ती – इंजिनाची ताकद मोजण्याचे माप
चपळ – चटकन हालचाल करणारा
रिव्हेट – दोन पत्रे जोडणारा धातूचा खिळा
उमेद – उत्साह, आशा
छात्र – एन.सी.सी.चा विद्यार्थी
हुन्नर – हातची कला, कारागिरी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) राइट बंधू कोणता व्यवसाय करत होते?
(आ) घरी बनवलेल्या विमानावर कोणता शब्द लिहावा लागतो?
(इ) सोनेक्स आणि झेनॉस यांच्यात मोठा फरक कशात आहे?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लांब पंखांमुळे विमानाची शक्ती कशी वाचते?
(आ) लांब पंखांमुळे जमिनीवर कोणत्या अडचणी येतात?
(इ) 'चालेल, कोण बघतो?' हे वाक्य विमानाच्या कामात का चालत नाही?

३. विरुद्धार्थी शब्द लिहा.
लांब, अरुंद, गरम, सावकाश

४. पुढील शब्द उर्दूतही आहेत. ते पाठात शोधा आणि मराठी वाक्यांत उपयोग करा.
हवा, जमीन, वजन, हिंमत, उमेद

५. उपक्रम : जाड कागदाची सारख्या वजनाची दोन ग्लायडर बनवा. एकाचे पंख लांब व अरुंद ठेवा, दुसऱ्याचे आखूड व रुंद ठेवा. दोन्ही एकाच उंचीवरून सोडा. कोणते जास्त दूर जाते, ते मोजून वहीत लिहा.