एक लाख सत्तर हजार चित्रं आणि एक आवाज

२२ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘द लायन किंग’च्या नव्या रूपाची पहिली झलक इंटरनेटवर आली. पहिल्या चोवीस तासांत ती २२ कोटी ४६ लाख वेळा पाहिली गेली, असं डिस्नेने जाहीर केलं. एवढा मोठा आकडा नुसता वाचून हाती काही लागत नाही, म्हणून तो घरच्या मापाने मोजू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या भरली ११ कोटी २४ लाख. म्हणजे पाळण्यातल्या बाळापासून खाटेवरच्या आजीपर्यंत राज्यातल्या प्रत्येकाने एका दिवसात ती झलक दोनदा पाहिली, तेव्हा कुठे हिशेब जुळतो. आणखी जवळ येऊ. यवतमाळ जिल्ह्यात त्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार माणसं होती. दारव्हा तालुक्यातलं आमचं बोरी अरब, तिकडे पुसद, उमरखेड, इकडे वणी, पांढरकवडा, असा सगळा जिल्हा धरला, तरी प्रत्येकाला ती ८१ वेळा पाहावी लागली असती. तीही कापूस वेचणीच्या ऐन हंगामात.

एवढी माणसं नेमकं काय पाहायला धावली? कथा तर सगळ्यांना पाठ होती. १९९४ चा मूळ ‘लायन किंग’ ८८ मिनिटांचा. सहाशेहून अधिक कलावंत आणि तंत्रज्ञ त्यावर राबले, दहा लाखांवर रेखाटनं झाली, १,१९७ पार्श्वभूमी हाताने रंगवल्या गेल्या आणि १ लाख १९ हजार ५८ चौकटींत रंग भरले गेले. दरीतून उधळलेल्या रानम्हशींसारख्या विल्डबीस्टांच्या कळपाचं ते प्रसिद्ध दृश्य पडद्यावर जेमतेम अडीच मिनिटं चालतं. ते उभं करायला संगणकावरच्या छोट्या तुकडीला दोन वर्षांहून जास्त काळ लागला.

२०१९ चा नवा चित्रपट ११८ मिनिटांचा. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर १ लाख ६९ हजार ९२० चित्रं होतात. चित्रपटगृहाच्या साध्या डिजिटल पडद्यावरही एका चौकटीत वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. गुणाकार केला की चित्रपटभर मिळून जवळपास ३४ हजार कोटी ठिपके भरतात. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता मोजायला बसलं तर दहा हजार वर्षांहून जास्त काळ लागेल. आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक ठिपक्यामागे हिशेब आहे: आयाळीच्या केसावर ऊन कुठून पडलं, वाऱ्याने गवत किती वाकलं, पावलाखालची माती किती दबली. दिग्दर्शक जॉन फॅवरो यांनी नंतर सांगितलं की चित्रपटातले १,४९० शॉट संगणकावर घडवलेले आहेत आणि खऱ्या कॅमेऱ्याने आफ्रिकेत टिपलेला शॉट फक्त एक आहे. तो म्हणजे सुरुवातीचा सूर्योदय.

या चित्रपटात आयाळीच्या केसांच्या एका झुबक्याचा प्रवास दाखवला आहे. तो वाऱ्यावर उडतो, पाण्यातून वाहतो, जिराफाच्या पोटातून जाऊन शेणात येतो, शेणकिडा त्या शेणाची गोळी करून ढकलत नेतो, आणि शेवटी तो झुबका म्हाताऱ्या माकडाच्या, रफिकीच्या हाती लागतो. वाळूवरून चढताना त्या किड्याची गोळी घसरते, पुन्हा सावरते. मी हे दृश्य अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी थक्क झालो आहे. त्या किड्याला नाव नाही, संवाद नाही, पण त्याच्या सहा पायांवर कुणीतरी जीव ओतून काम केलं आहे.

पण सिंबाचा बाप मुफासा मरतो तिथे हेच तंत्र तोकडं पडतं. जुन्या चित्रपटात सिंबाच्या भुवया वर जातात, ओठ थरथरतात, डोळे भरतात. ते सिंहाचं तोंड नव्हतंच मुळी, सिंहाच्या रूपातलं लेकराचं तोंड होतं. खऱ्या सिंहाला माणसासारख्या भुवया नाहीत. डोळ्यांतला पांढरा भाग आपल्याला दिसत नाही. सिंह राग शेपटीने, कानांनी आणि गुरगुरण्याने सांगतो. निर्मात्यांनी खरेपणा पाळायचं ठरवलं आणि खरेपणाने चेहराच गप्प केला. बछडा बापाला ढोसतो, आवाज रडतो, तोंड मात्र तसंच राहतं. जगभरच्या समीक्षकांची मुख्य तक्रार हीच होती, आणि मला ती रास्त वाटते.

तक्रारीचे आकडेही पाहा. ‘रॉटन टोमॅटोज’वर समीक्षकांची पसंती अवघी ५२ टक्क्यांच्या आसपास राहिली, तर प्रेक्षकांची ८८ टक्क्यांवर गेली. जगभरातून गल्ला जमला सुमारे १६६ कोटी डॉलरचा, म्हणजे त्या वर्षीच्या भावाने साडेअकरा हजार कोटी रुपयांच्या वर. त्यात भारताचा वाटा दीडशे कोटींच्या थोडा पुढे. तिकीट काढणं ही एक प्रतिक्रिया आहे आणि डोळे भरून येणं ही दुसरी. गल्ल्याच्या आकड्यात फक्त पहिली मोजली जाते.

दुसरी कशी येते, हे आपल्याकडे तीन वर्षं आधीच दिसलं होतं. फॅवरो यांचाच ‘द जंगल बुक’ भारतात ८ एप्रिल २०१६ ला लागला, अमेरिकेच्या एक आठवडा आधी. इथे त्याने १८० कोटींहून अधिक कमाई केली आणि तोवर भारतात सर्वाधिक चाललेला हॉलिवूडपट ठरला. हा चित्रपट घडला लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत. दोन हजारांवर मुलांमधून निवडलेला नील सेठी हा मोगली तेवढा खरा, बाकी सगळं अरण्य संगणकातलं. मूळ गोष्टीतलं अरण्य ज्या सिवनीचं, ती नागपूरच्या उत्तरेला, पेंचपलीकडे. आमच्यासाठी ती शेजारचीच.

मोगलीचा डिस्नेचा मूळ कार्टूनपट १९६७ चा, ७८ मिनिटांचा. पण आपल्या पिढीची आठवण त्याची नाहीच. आपली आठवण १९९३ च्या दूरदर्शनची: जपानमध्ये १९८९ साली तयार झालेली ५२ भागांची मालिका, तिचं हिंदी रूप, गुलजारांचं गीत, विशाल भारद्वाजांचं संगीत, आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. रविवारी अँटेना फिरवून, मुंग्या आलेल्या पडद्यावर गावोगाव ती पाहिली गेली. चित्र धूसर असलं तरी आवाज स्वच्छ यायचा. २०१६ च्या हिंदी आवृत्तीत शेरखानसाठी पुन्हा नानांनाच बोलावलं गेलं. सोबत बघीराला ओम पुरी, भालूला पंजाबी ढंगात इरफान खान. दुष्काळात आटलेल्या पाणवठ्यावर सगळी जनावरं जमली आहेत, भाजलेल्या तोंडाचा, एका डोळ्याचा वाघ सावकाश खाली उतरतो आणि बोलायला लागतो. त्या आवाजाने तेवीस वर्षं एका क्षणात ओलांडली. नव्या वाघाचा एकेक केस शेकडो कारागिरांनी उभा केला होता, त्यांना २०१७ चं ऑस्करही मिळालं, ते योग्यच झालं. तरी आपल्या माणसांच्या काळजाला हात घातला तो मुरुड-जंजिऱ्याच्या एका मराठी माणसाच्या गळ्याने.

पडद्यावरच्या त्या ठिपक्यांवरून आमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट आठवते. २०१९ च्या जुलैत ‘लायन किंग’ लागला तेव्हा टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ घर सोडून निघालेला होता. गळ्यात रेडिओ कॉलर होती. शेतं, नाले, रस्ते ओलांडत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत विदर्भ, मराठवाडा, तेलंगणातलं आदिलाबाद. पुढच्या वर्षी कॉलर काढेपर्यंत एकूण तीन हजार किलोमीटर चालला, आणि कॉलरने नकाशावर पाच हजारांहून अधिक ठिपके नोंदवले. त्याचं नाव पडलं ‘वॉकर’. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही अशा हजारो लोकांनी त्याची काळजी केली: पोचला का, खायला मिळालं का, जोडीदारीण भेटली का. तिकडे ३४ हजार कोटी ठिपके, इकडे पाच हजार. दोन्हीकडे वाघ-सिंह ‘आपला’ झाला तो कुणीतरी त्याची कथा आपल्याला कळेल अशा शब्दांत सांगितली म्हणून.

आणि इथेच माझं मागणं आहे. २०१९ चा ‘लायन किंग’ भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादच्या पोरांनी सिंबाला अभिनेता नानीच्या तेलुगूत ऐकलं, सिंबाचे मित्र टिमॉन-पुंबा यांच्या थट्टेला अली आणि ब्रह्मानंदम यांचे आवाज होते. अलीकडच्या तीरावर आमच्या पोरांनी तो हिंदीत ऐकला. त्यातही टिमॉनचा आवाज श्रेयस तळपदेंचा, म्हणजे मराठीच गळा, पण बोलला हिंदीत. २०२४ चा ‘मुफासा’ही याच चार भाषांत लागला.

कुणी म्हणेल, मराठीला प्रेक्षक कुठे आहे? मग शेवटचे तीन आकडे पाहा, २०११ च्या जनगणनेतले. मातृभाषा तमिळ सांगणारे ६ कोटी ९० लाख, तेलुगू सांगणारे ८ कोटी ११ लाख, मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख. आवाज देणारे आपल्याकडे आहेत, ऐकणारेही आहेत. पुढचा मोठा प्राणीपट येईल तेव्हा वितरकांकडे आणि चित्रपटगृहांकडे मराठी आवृत्ती मागा. न मागता ती मिळणार नाही.