गिलानुपट्ठान : रुग्णसेवेतील सहभागाचा विचार

पालि भाषेत रुग्णाला 'गिलान' आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यास 'गिलानुपट्ठाक' म्हणतात. विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खन्धकात या दोघांविषयी आलेले विवेचन, रुग्णालयातील शुश्रूषेत रुग्ण व त्याचे आप्त यांचे स्थान कोणते, या आजच्या प्रश्नावर प्रकाश टाकते.

त्यातील प्रसंग सुपरिचित आहे. अतिसाराने पीडित एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याची सेवा करीत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. गृहत्यागी भिक्खूंजवळ आईबाप नाहीत, म्हणून त्यांनीच एकमेकांची सेवा केली पाहिजे, असे तथागतांनी सांगितले. हे दायित्व उपाध्याय, आचार्य, शिष्य व सहाध्यायी यांच्यावर आणि यांपैकी कोणी नसल्यास संघावर ठेवले. ते टाळणे हा दोष ठरविला.

या प्रसंगातून करुणेचा बोध सर्वजण घेतात. परंतु त्यापुढील भाग सहसा दुर्लक्षिला जातो. तेथे सुलभ रुग्णाची पाच लक्षणे दिली आहेत : तो पथ्य पाळतो, पथ्यातही प्रमाण जाणतो, औषध घेतो, आपला आजार वाढला, उतरला की तसाच आहे हे यथार्थ सांगतो आणि शारीरिक वेदना सहन करतो. याचा अर्थ असा की, रुग्ण हा शुश्रूषेचा केवळ विषय नसून तिचा कर्ताही आहे. मात्र आजार सांगावयाचा तो हित इच्छिणाऱ्या शुश्रूषकाला, हे तेथे स्पष्ट केले आहे. प्रश्न विचारताच ज्याला दरडावले जाते, तो रुग्ण लक्षणे लपवितो. तेथे दोष एकट्या रुग्णाचा नसतो.

शुश्रूषकाच्या पाच लक्षणांत पहिले आहे औषध सिद्ध करण्याची क्षमता. त्यानंतर पथ्यापथ्याचे ज्ञान, मैत्रीभाव, मलमूत्राची घृणा नसणे आणि धम्मकथेने धीर देणे ही येतात. क्षमता व ज्ञान ही शिकवावी लागतात. नुसत्या मायेने ती येत नाहीत.

आपल्याकडील अनेक रुग्णालयांत नातेवाईक भरवितात, कूस बदलतात, भांडे देतात, औषधे आणतात. परंतु डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी त्यांना बाहेर काढले जाते आणि घरी जाताना कोणती लक्षणे धोक्याची, हे कोणी सांगत नाही. याला सहभाग म्हणता येणार नाही. ही केवळ राबणूक होय.

खरा सहभाग कसा असतो, याचे उदाहरण नवजात शिशूंच्या सेवेत मिळते. 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे, उबपेट्या अपुऱ्या पडत असल्याने, कमी वजनाची बाळे मातेच्या उघड्या छातीशी ठेवण्यास प्रारंभ झाला. हीच 'कांगारू' पद्धत. अशी शुश्रूषा जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये केली. भारत सरकारनेही 2017 मध्ये नवजात शिशू विभागांसाठी कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार आईवडिलांना हात धुणे, दूध पाजणे आणि धोक्याची चिन्हे ओळखणे शिकविले जाते. इंजेक्शन, प्राणवायू इत्यादींची जबाबदारी मात्र परिचारिकेचीच राहते. परिचारिकांची उणीव नातेवाइकांच्या श्रमांनी भरून काढणे, हा सहभागाचा हेतू नव्हे.

ज्याला कोणी आप्त नाही, त्याचे काय? विनयाने ते उत्तरदायित्व संघावर टाकले. गृहस्थांसाठीही सिगालोवाद सुत्तात आजारी सेवकाची शुश्रूषा हे धन्याचे कर्तव्य सांगितले आहे. सेवा रक्ताच्या नात्यापुरती मर्यादित नाही, हेच यावरून दिसते.

म्हणून रुग्णाजवळ बसणाऱ्या उपासक-उपासिकांनी औषध, पथ्य व धोक्याची लक्षणे नम्रपणे, पण निश्चयाने विचारून घ्यावीत. आणि रुग्णालयात सेवा करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी, कोणी विचारण्याची वाट न पाहता, ती समजावून सांगावीत.